नाणेघाटांतील पुसलेल्या मूर्ती व उरलेलीं अक्षरें

कोंकणकिनाऱ्यास जाणारे पुष्कळ. पण कल्याण-सोपारा बंदरांचा माल ज्या नाणेघाटानें देशावर जुन्नरास चढे, तेथील लेख वाचावयास थांबणारे थोडे. घाटमाथ्याच्या लेण्यांत सातवाहन राजकुलाच्या मूर्ती होत्या. आज त्यांच्या पायांच्या खुणांखेरीज बहुतेक कांहीं उरलें नाहीं; परंतु वरील ब्राह्मी अक्षरांमुळें सिमुक, सातकर्णि व राणी नागनिका हीं नांवें आम्हांस कळतात.

हीच गोष्ट जुन्नरची. नहपानाचा अमात्य अयम यानें वर्ष ४६ मध्यें, म्हणजे शक धरल्यास इ. स. १२४ च्या सुमारास, मंडप व पोढी दिल्याचा लेख मानमोडीच्या डोंगरांत आहे. पोढी म्हणजे खडकांत खोदलेलें पाण्याचें टांकें. इरिल नामक यवनानेंहि जुन्नरच्या लेण्यांत अशा दोन पोढ्या दिल्या. राणी, अमात्य व यवन या तिघांचीहि येथील साक्ष केवळ अक्षरांवर टिकून आहे.

जें मूर्तींचें झालें तें अक्षरांचें होऊं नये. ज्या संग्राहकांजवळ या लेखांचे जुने ठसे अथवा छायाचित्रें असतील, त्यांनीं तीं पोथ्यांइतक्याच आस्थेनें जपावीं व अभ्यासकांस दाखवावीं, अशी आमची विनंती आहे.