प्लेट जाळते ती उचल, वजन नव्हे

ट्रकची क्लच प्लेट वेळेआधी गेली की गाडीमालक, ड्रायव्हर आणि मिस्त्री या तिघांचे निदान एकच असते: माल जास्त भरला होता. याच्या जोडीला आणखी दोन मते फिरतात. चालत्या गाडीत क्लच न दाबता गिअर टाकले तर प्लेट वाचते, हे एक; आणि प्लेटचे आयुष्य किलोमीटरवर ठरते, हे दुसरे. तिन्ही मते अनुभवातून आली आहेत, पण अनुभवाचा अर्थ लावताना तिन्ही ठिकाणी गल्लत झाली आहे.

आधी वजनवाल्यांची बाजू नीट मांडू. २०१८ साली केंद्र सरकारने ॲक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली आणि तीन ॲक्सलच्या दहाचाकी गाडीचे मालासकट वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेले. जुन्या गाडीचे इंजिन तेच, क्लच तोच, ओझे मात्र वाढले. मग प्लेट लवकर जाणारच, असा हा तर्क. ऐकायला बिनतोड वाटतो.

पण क्लच झिजतो कधी, हे आधी पाहिले पाहिजे. प्रेशर प्लेटने क्लच प्लेट फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरली की दोन्ही एकाच गतीने फिरतात. तिथे घासणे नाही, म्हणून झीजही नाही. अशा चिकटलेल्या क्लचमधून जास्तीत जास्त इंजिनचा टॉर्कच जातो. मागे दहा टन असोत की चाळीस, इंजिन आपल्या ताकदीबाहेर जोर लावू शकत नाही. प्लेट झिजते ती फ्लायव्हील फिरते आहे आणि चाके अजून थांबलेली आहेत, अशा काही क्षणांत. म्हणजे गाडी उचलताना.

त्या क्षणांचा हिशेब मांडता येतो. सपाट रस्त्यावर, इंजिनचा आरपीएम पडू न देता गाडी उचलली, तर गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते साधारण तेवढीच उष्णता प्लेटवर जिरते. ही ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत. समजा, २८.५ टनांची गाडी आयडलिंगवर पहिल्या गिअरमध्ये ताशी ३ किलोमीटरवर क्लच पकडते. प्लेटवर सुमारे १० किलोज्यूल उष्णता येईल. तीच गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उचलली आणि क्लच ताशी ५ किलोमीटरवर पकडला, तर २७. दुसऱ्या गिअरमध्येच ॲक्सिलरेटर दाबून आरपीएम दुप्पट केला, तर ११०. आता उलट करा: गिअर पहिलाच ठेवा आणि साडेतीन टन माल उतरवा. १० चे पावणेनऊ होतात, इतकेच. माल उतरवून सव्वा किलोज्यूल वाचला. गिअर आणि ॲक्सिलरेटर चुकल्याने शंभर वाढले.

यावर आक्षेप येतो की जास्त भरलेल्या गाड्यांच्याच प्लेटा घाटात जातात, हे डोळ्यांनी दिसते. दिसते ते खरे आहे, कारण मात्र वेगळे आहे. कसारा किंवा खंबाटकीच्या चढावर गाड्यांची रांग लागली, की पुष्कळ ड्रायव्हर ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी थोपवून धरतात. शंभरात पाचचा चढ असेल, तर २८.५ टनांची गाडी सुमारे १.४ टन जोराने मागे ओढते. टायरांचा रोध वजा केला, तरी पहिल्या गिअरमध्ये आयडलिंगवर ती तोलून धरताना प्लेटवर दर सेकंदाला १० किलोज्यूलच्या आसपास उष्णता जाते. म्हणजे दर सेकंदाला सपाटीवरची एक पूर्ण उचल! मिनिटभर थोपवली तर साठ उचलींची झीज, आणि गाडी मात्र जागची हललेली नाही. वजन कमी असते तर ही उष्णता थोडी कमी झाली असती. हँड ब्रेक ओढला असता तर मुळीच झाली नसती.

क्लचशिवाय गिअर टाकण्याचे कौशल्य अमेरिकेतल्या विनासिंक्रोमेश गिअरबॉक्ससाठी ठीक आहे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत सिंक्रोमेश असतो. तिथे क्लच न दाबता गिअर रेटला, तर सिंक्रो रिंगा घासतात. चालत्या गाडीत गिअर बदलताना इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या गतीत फरक थोडा असतो, म्हणून प्लेटवर उष्णताही थोडीच येते. ती वाचवायला गिअरबॉक्स पणाला लावणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

किलोमीटरचा दाखलाही टिकत नाही. नागपूरहून निघालेली लाइनची गाडी दिवसाकाठी मोजक्या वेळा थांबते. खडीच्या खाणीवरचा डंपर तेवढ्याच दिवसात कितीतरी पट उचली करतो. मीटरवरचा आकडा दोघांचा सारखा असला, तरी प्लेटांची झीज सारखी कशी असेल?

मग खरे कारण कसे ओळखायचे? उतरवलेली प्लेटच ते सांगते. लायनिंग दोन्ही बाजूंनी सारखे झिजून रिव्हेटपर्यंत आले असेल, तर प्लेटने आपले आयुष्य पुरे केले. लायनिंग जाड आहे, पण काळे पडून काचेसारखे गुळगुळीत झाले आहे आणि फ्लायव्हीलवर निळसर डाग व बारीक तडे आहेत, तर ती हाफ क्लचने जळाली. लायनिंग तेलाने भिजले असेल, तर क्रँकशाफ्टचे मागचे किंवा गिअरबॉक्सचे सील गळते आहे; ड्रायव्हरचा दोष नाही. लायनिंगच फुटून तुकडे झाले असेल, तर बहुधा उतारावर खालच्या गिअरमध्ये क्लच दाबून गाडी सोडली होती. तेव्हा चाके प्लेटला इंजिनच्या कमाल गतीपेक्षाही कितीतरी जास्त फिरवतात आणि तिच्या चिंधड्या उडतात.

यावरून नियम निघतात, आणि त्यांत पैशाचा खर्च नाही. भरलेली गाडी पहिल्याच गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर न रेटता उचलावी. पहिला गिअर वेळ खातो म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की तो गाडीच्या लांबीभरच लागतो. रिकामी गाडी सपाटीवर दुसऱ्यात उचलली तरी हरकत नाही: साडेनऊ टनांच्या रिकाम्या गाडीची ती उचल ९ किलोज्यूलची, म्हणजे भरलेल्या गाडीच्या पहिल्या गिअरपेक्षाही कमी. चढावर थांबताना हँड ब्रेक लावावा. एरवी पाय क्लचच्या पेडलवर ठेवू नये. नुसत्या पायाच्या वजनानेही प्रेशर प्लेट सैलावते, भर चढावर प्लेट घसरते आणि रिलीज बेअरिंग फुकट फिरत राहते. पेडलची मोकळी चाल कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे राखावी.

याचा अर्थ वाट्टेल तेवढा माल भरावा असा नव्हे. जादा वजन टायर, ब्रेक आणि कमान पाट्यांचा जीव घेते, शिवाय तो गुन्हा आहे. त्याविरुद्ध बोलायला क्लचचा खोटा साक्षीदार लागत नाही. गाडीमालकांना एकच सांगणे आहे: प्लेटचे पैसे ड्रायव्हरच्या पगारातून कापण्याआधी किंवा सगळे खापर मालावर फोडण्याआधी ती प्लेट मागवून घ्या आणि उजेडात धरून स्वतः पाहा.