जैसलमेरला कधी जावं? थंडी, गर्दी आणि खर्चाचं महिनावार गणित

मे महिन्याची सुट्टी लागली की मोबाईलवर जैसलमेरच्या जाहिराती यायला लागतात. तोच किल्ला, तेच उंट, तोच स्विमिंग पूल आणि खोलीचा दर डिसेंबरपेक्षा कितीतरी कमी. शाळांना सुट्टी आहे आणि पैसेही वाचतायत, मग काय हरकत आहे?

हरकत आहे. खोली स्वस्त असते कारण दिवसातले सात-आठ तास त्या खोलीबाहेर पडणं मुश्किल असतं. त्यामुळे आधी सरळ उत्तर देऊन टाकू. जैसलमेरसाठी सगळ्यात चांगला काळ म्हणजे दिवाळीची गर्दी ओसरल्यानंतरचा नोव्हेंबर, डिसेंबरचा पहिला पंधरवडा आणि जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंतचे दिवस. आता हे असं का, ते नीट समजून घेऊ.

वाळवंटात दुपारी भट्टी आणि रात्री गारठा का?

मुंबईत हवेत कायम बाष्प असतं. ते पांघरुणासारखं काम करतं, त्यामुळे दिवस आणि रात्रीच्या तापमानात फार फरक पडत नाही. जैसलमेर समुद्रापासून लांब, थरच्या वाळवंटात आहे. तिथे वर्षाला सरासरी 200 मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. म्हणजे जैसलमेरला चार-पाच वर्षांत मिळून पडतो तेवढा!

हवा कोरडी आणि आभाळ मोकळं, म्हणून ऊन थेट जमिनीवर येतं. वाळूत उष्णता फार खोल जात नाही, वरचा थर भराभर तापतो. सूर्य मावळला की ती उष्णता तितक्याच वेगाने वर निघून जाते, कारण तिला अडवायला ना ढग असतात ना बाष्प. म्हणूनच एकाच दिवसात दुपारी टी-शर्ट आणि रात्री जाड जॅकेट अशी वेळ येते. महिना निवडताना नुसतं दिवसाचं तापमान बघू नका, रात्रीचंही बघा.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर

ऑक्टोबर आला म्हणजे थंडी आली असं समजू नका. तेव्हा दुपारी पारा 36 अंशांच्या आसपास असतो. नवरात्राच्या दिवसांत बंगाली पर्यटकांची गर्दी असते. सत्यजित राय यांच्या 1974 च्या ‘सोनार केल्ला’ या सिनेमाने हा किल्ला बंगालमध्ये घरोघरी पोहोचवला. पाठोपाठ दिवाळीत पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंत गुजरातहून मोठी गर्दी येते.

लाभपंचमी झाली की गाव मोकळं होतं. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात दिवसा साधारण 30 अंश आणि रात्री 14-15 अंशांपर्यंत तापमान असतं. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर हे दिवस सगळ्यात सोयीचे.

डिसेंबर आणि जानेवारी

हवा उत्तम, यात वाद नाही. दिवसा 24 अंशांच्या आसपास, रात्री साधारण 8. उघड्यावर, म्हणजे समच्या वाळूच्या टेकड्यांवर गारठा याहूनही जास्त जाणवतो. तंबूत राहणार असाल तर पांघरुणं किती देणार, हे आधीच विचारा. मुंबई-ठाण्याच्या कपाटातलं नावापुरतं स्वेटर इथे पुरत नाही. कानटोपी आणि मोजे हवेतच.

अडचण आहे ती नाताळ ते नववर्ष या आठवड्याची. 2011 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या जेमतेम 65 हजार होती. एवढ्याशा गावात देशभरातले लोक एकाच वेळी येतात. खोल्यांचे दर वर्षातले सगळ्यात चढे असतात. शहरापासून 40 किलोमीटरवरच्या समला जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. सूर्यास्ताच्या फोटोत वाळू कमी आणि डोकी जास्त दिसतात. तीच हवा हवी असेल तर 20 डिसेंबरच्या आधी किंवा संक्रांतीनंतर जा.

आणखी एक लक्षात ठेवा. जानेवारीत इथे सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. किल्ला, पटवा हवेली आणि गडीसर तलाव बघून त्याच संध्याकाळी समही गाठायचं ठरवलंत तर दमछाक होईल. दोन मुक्काम ठेवा.

फेब्रुवारी आणि मार्च

फेब्रुवारीत रात्रीचा कडाका कमी होतो, दिवस मोठा व्हायला लागतो आणि दुपारही सुसह्य असते. माघ पौर्णिमेला संपणारा मरू महोत्सव याच सुमारास येतो. पगडी बांधण्याची स्पर्धा, मिशांची स्पर्धा, उंटांचे खेळ आणि लोकसंगीत असं सगळं त्यात असतं. तारीख तिथीनुसार बदलते, म्हणून कालनिर्णयमध्ये माघ पौर्णिमा बघा आणि मग तिकीट काढा.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत जायला हरकत नाही. त्यानंतर पारा 35 कडे सरकतो.

एप्रिल ते जून: स्वस्त, पण धोक्याचं

मे-जूनमध्ये कमाल तापमानाची सरासरीच 41-42 अंशांच्या घरात असते. शेजारच्या फलोदीत 19 मे 2016 ला 51 अंशांची नोंद झाली. भारतात नोंदलेलं ते सर्वाधिक तापमान. त्यात ‘लू’ म्हणजे भाजून काढणारा वारा आणि अधूनमधून धुळीची वादळं.

कोकणातल्या किंवा मुंबईच्या माणसाची इथे फसगत होते, कारण त्याला उन्हाळा म्हणजे घाम माहीत असतो. कोरड्या हवेत घाम येतो आणि क्षणात उडून जातो. अंग कोरडं राहतं, त्यामुळे आपलं पाणी किती गेलं ते कळतच नाही. मग डोकं दुखणं, मळमळ, चक्कर. लहान मुलं, वयस्कर माणसं, गर्भवती स्त्रिया आणि हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी या दिवसांत जाऊ नये, सवलत कितीही असो. समचे बरेच कॅम्पही या काळात बंद असतात, म्हणजे ज्यासाठी जायचं तेच हुकतं.

जाणं टळतच नसेल तर सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतरच बाहेर पडा. डोकं-कान झाका, तहान लागायची वाट न बघता पाणी पीत राहा आणि ओआरएसची पाकिटं जवळ ठेवा. कुणी असंबद्ध बोलायला लागलं किंवा शुद्ध हरपली तर सावलीत न्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि वाट न बघता दवाखाना गाठा. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

जुलै ते सप्टेंबर

इथला पावसाळा म्हणजे चार-सहा चांगल्या सरी. एखादी सर पडून गेली की माळ हिरवे होतात आणि आभाळ धुतल्यासारखं दिसतं. गर्दी नसते आणि दरही कमी. पण सर आली नाही तर 36 ते 38 अंशांत उकडत बसावं लागतं. गणेशोत्सवाच्याच दिवसांत पोकरणजवळ रामदेवराची मोठी जत्रा भरते. तेव्हा जोधपूर-जैसलमेर रस्त्यावर पायी जाणाऱ्या भाविकांची आणि वाहनांची गर्दी असते. प्रवासाला जास्तीचा वेळ धरा.

तारीख ठरवताना चंद्रही बघा

वाळवंटातली रात्र हे निम्मं जैसलमेर आहे. चांदण्यात चमकणारी वाळू बघायची असेल तर पौर्णिमेच्या आसपास जा. आकाशगंगा बघायची असेल तर अमावास्येच्या आसपास जा आणि समच्या डीजेपासून लांब, खुरीच्या बाजूला मुक्काम करा.

थोडक्यात

• लहान मुलं आणि आजी-आजोबांसह: नोव्हेंबरचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी
• तंबूतला मुक्काम आणि शेकोटी: डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा संक्रांतीनंतरचा जानेवारी
• लोककला आणि उत्सव: माघ पौर्णिमेच्या आधीचे तीन दिवस
• कमी खर्च आणि बरी हवा: मार्चचा पहिला पंधरवडा
• पक्षीप्रेमींसाठी: हिवाळ्यात वाटेवर फलोदीजवळच्या खीचनला थांबा, हजारो कांड्या करकोचे तिथे मुक्कामाला असतात
• मे महिन्याची सुट्टी: दुसरं ठिकाण शोधा

शाळेमुळे मेशिवाय जमतच नाही, असं बऱ्याच घरांत म्हणतात. पण जैसलमेरला दोन मुक्काम पुरतात. जोधपूरपर्यंत रेल्वे किंवा विमान आणि पुढे रस्त्याने पाचेक तास. दिवाळीच्या सुट्टीचा शेवट किंवा जानेवारीअखेरची प्रजासत्ताक दिनाला जोडून येणारी सुट्टी पकडली, तर शाळेचे फार तर दोन दिवस बुडतील. सगळ्यांनी मिळून किल्ला पायी फिरायचा असेल तर तेवढा हिशेब परवडतो.