नवरा गेल्यावर जमिनीत बाईचा हक्क किती?

नवरा मृत्युपत्र न करता वारला, तर हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे त्याच्या वाट्याच्या जमिनीत, घरात, पैशात बायको, प्रत्येक मुलगा-मुलगी आणि त्याची आई यांना सारखा हिस्सा मिळतो. दोन लेकरं नि सासू असेल, तर विधवेचा चौथा हिस्सा. पुढं तिनं दुसरं लग्न केलं तरी तो जात नाही. बौद्ध, जैन कुटुंबांनाही हाच कायदा लागू आहे.

मृत्युपत्रात तिला काहीच ठेवलं नसेल, तर मालमत्ता ज्यांना मिळाली त्यांच्याकडं कोर्टातून पोटगी मागता येते. पुनर्विवाहानंतर मात्र पोटगी मिळत नाही.

वारसनोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडं द्यावा. ‘सातबाऱ्याचं काम आहे’ म्हणून कुणी कागद पुढं केला, तर वाचून घेतल्याशिवाय सही-अंगठा देऊ नये. हक्कसोडपत्राची नोंदणी झाली, की हिस्सा गेला.