खांद्याची शिवण

ओझे वाहणाऱ्याचा खांदा गेला की त्याची मजुरीच गेली. म्हणून खांद्याच्या दुरुस्तीचा इतिहास हा केवळ डॉक्टरांचा विषय नव्हे.

बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९०९ साली खांद्याची फाटलेली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जखडणारी दोरी, टाके घालून जोडली. १९३४च्या आपल्या ग्रंथात जखमी कामगारांच्या नुकसानभरपाईचा प्रश्नही त्यांनी विचारात घेतला.

पुढे दंडाच्या हाडाला भोके पाडून त्यांतून धागा ओवण्याची रीत रूढ झाली. १९८०नंतरच्या दशकात धातूचे चिमुकले ‘नांगर’ आले. नांगर हाडात रुततो, त्यात ओवलेला धागा कंडरेला धरून ठेवतो. यांत मजबूत कोणते? एकच जोराचा हिसका देऊन हे कळेना. कारण कष्टकऱ्याचा हात दिवसातून हजारदा हलतो. १९९७ साली अमेरिकेत स्टीफन बर्कहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृतांच्या खांद्यांवर दुरुस्ती करून तिला पुनःपुन्हा ताण दिला. भोकांच्या रीतीत हाडच आधी हार खाई. नांगराच्या रीतीत हाड बरेच टिकले, पण धागा कंडरेतून कापीत निघू लागला. साखळीची कच्ची कडी नाहीशी झाली नाही. ती फक्त जागा बदलून बसली.

कंडरा हाडाशी पुन्हा एकजीव व्हायला कित्येक आठवडे लागतात. तोवर नांगर हा निव्वळ राखणदार. तेव्हा ‘शिवण पक्की आहे’ म्हणून जो मालक कामगाराला लवकर ओझ्याखाली धाडतो, तो डॉक्टरांची शिवण उसवतो. पगारी विश्रांती ही मेहेरबानी नव्हे. ती त्या दुरुस्तीचाच अखेरचा टाका आहे.