मराकाइबोच्या रक्ताचं ऋण

साल 1981. तुम्ही व्हेनेझुएलात, मराकाइबो सरोवरातल्या लागुनेता गावात आहात. पाण्यात रोवलेल्या खांबांवर घरं, शेजारी जायचं तरी होडी. समोर बसलेल्या बाईचे हातपाय तिच्या मनाविरुद्ध हलताहेत, मानेला हिसके बसताहेत. तिला बिलगलेली मुलगी मात्र धडधाकट आहे. आईला हंटिंग्टन रोग आहे आणि तो मुलीत उतरला असण्याची शक्यता निम्मी. उतरला असेल तर लक्षणं बहुधा तिशी-चाळिशीत दिसतील, म्हणजे तिला स्वतःची मुलंबाळं झाल्यावर.

तुमच्या शेजारी संशोधक नॅन्सी वेक्सलर वंशावळ लिहून घेताहेत. कोण कुणाची लेक, कुणाचं लग्न कुठल्या घरात, कोण कशानं गेलं. पुढे या वंशावळीत अठरा हजारांहून जास्त माणसं नोंदली जातील. पण रक्त द्यायला लोक कचरतात, आणि का कचरू नयेत? परक्या देशातून आलेल्यांनी सुई टोचावी आणि निघून जावं, यात त्यांना काय मिळणार? तेव्हा वेक्सलरबाईंच्या दंडावरचा व्रण त्यांना दाखवला जातो. संशोधनासाठी त्यांनीही आपल्या त्वचेचा तुकडा दिलाय. त्यांची आई याच आजाराने 1978 मध्ये गेली. त्यांच्याही डोक्यावर तीच टांगती तलवार आहे, हे कळल्यावर हात पुढे येऊ लागतात. माझ्या मते पुढचं सगळं संशोधन या विश्वासावर उभं आहे.

आता चला बोस्टनला. 1983. सरोवराकाठचं रक्त जेम्स गुसेला यांच्या प्रयोगशाळेत पोचलंय आणि सदोष जनुकाचा माग चौथ्या गुणसूत्रापर्यंत लागलाय. ठिकाण सापडलं, तरी नेमकं जनुक हाती यायला आणखी दहा वर्षं लागतात. 1993 मध्ये अठ्ठावन्न शास्त्रज्ञांचा गट ते शोधून काढतो. डीएनएमधली सी-ए-जी ही तीन अक्षरं त्यात वाजवीपेक्षा जास्त वेळा लागोपाठ येतात. चाळीस किंवा त्याहून जास्त वेळा आली, की पुरेसं आयुष्य लाभलेल्या माणसाला हा आजार होतोच.

एका रक्तचाचणीत भविष्य कळू लागलं. त्यावर इलाज मात्र नव्हता.

2020 मध्ये वेक्सलरबाईंनी जाहीर केलं, की त्यांनाही हंटिंग्टन झालाय. आजार मुळापासून थांबवणारं औषध येईल, तेव्हा ते पहिल्यांदा लागुनेताच्या होड्यांतून जायला हवं, आणि फुकट.