संपर्कयादीची आयात

संपर्कयादीची आयात म्हणजे स्प्रेडशीटमध्ये तयार केलेली नावे, ईमेल पत्ते, दूरध्वनी क्रमांक आणि टपालपत्ते यांची यादी ईमेल सेवेच्या ॲड्रेस बुकमध्ये एकगठ्ठा समाविष्ट करण्याची प्रक्रिया होय. संस्थांच्या सभासदयाद्या, शाळांच्या माजी विद्यार्थ्यांच्या नोंदी, वर्गणीदारांची यादी अशा ठिकाणी तिचा उपयोग होतो. बहुतेक ॲड्रेस बुके स्प्रेडशीटची मूळ फाइल थेट स्वीकारत नाहीत. त्यामुळे ती आधी सीएसव्ही किंवा व्हीकार्ड या मजकूर-स्वरूपात जतन करावी लागते. प्रक्रियेतील बहुतांश चुका याच टप्प्यावर होतात आणि त्या होताना संगणक बहुधा कोणतीही सूचना देत नाही.

== फाइलींची स्वरूपे ==

सीएसव्ही फाइलीत प्रत्येक ओळ म्हणजे एक व्यक्ती असते आणि ओळीतील रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेले असतात. हे स्वरूप वैयक्तिक संगणकांपेक्षा जुने असले, तरी त्याचे सर्वसामान्य वर्णन आरएफसी ४१८० या दस्तऐवजात २००५ साली नोंदवले गेले. तोवर प्रत्येक उत्पादक ते आपापल्या रीतीने वापरत असे आणि काही प्रमाणात आजही वापरतो. व्हीकार्ड हे खास संपर्कांसाठीचे स्वरूप १९९०च्या दशकाच्या मध्यात व्हर्सिट या संघाने आखले. त्याची ४.० ही आवृत्ती २०११ची असून तिच्यात यूटीएफ-८ संकेतन अनिवार्य आहे.

सीएसव्हीच्या पहिल्या ओळीत रकान्यांची शीर्षके असतात. गूगल कॉन्टॅक्ट्सला ही शीर्षके स्वतःच्या नमुन्याप्रमाणेच हवी असतात. म्हणून एखादा संपर्क आधी निर्यात करून त्या फाइलीतील शीर्षके वापरणे सोयीचे ठरते. आउटलुक व थंडरबर्ड यांत कोणता रकाना कोणत्या नोंदीत जावा, हे आयातीच्या वेळी जुळवता येते.

== मराठी याद्यांतील अडचणी ==

=== लिपी ===

सीएसव्ही फाइलीत केवळ अक्षरांचे संकेतांक साठवले जातात. फॉन्ट, रंग व आकार तिच्यात राहत नाहीत. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेली मराठी नावे प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या संकेतांकांनी साठवलेली असतात आणि फॉन्टमुळे ती देवनागरी दिसतात. आयातीनंतर फॉन्ट नाहीसा होतो व नावांच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उरतात. अशी यादी आयातीपूर्वीच परिवर्तकाद्वारे युनिकोडमध्ये आणावी लागते.

यादी युनिकोडमध्ये असली तरी जतन करताना योग्य संकेतन निवडणे आवश्यक असते. एक्सेलमध्ये साध्या सीएसव्हीचा पर्याय निवडल्यास देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे लिहिली जाऊ शकतात आणि त्यांतून मूळ नाव परत मिळवता येत नाही. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा स्वतंत्र पर्याय निवडल्यास ही हानी टळते. लिबरऑफिसमध्ये जतन करताना संकेतनाची विचारणा करता येते. याउलट, यूटीएफ-८ फाइल दुसरे संकेतन गृहीत धरून उघडली गेल्यास प्रत्येक देवनागरी अक्षरचिन्हाच्या जागी साधारण तीन विचित्र चिन्हे दिसतात. हा बिघाड मात्र केवळ दिसण्यापुरता असतो. फाइल योग्य संकेतनाने पुन्हा उघडल्यास मजकूर जसाच्या तसा मिळतो.

मराठीची आणखी एक खासियत येथे आडवी येते. ‘कुऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’ यांसारख्या आडनावांतील अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. दोन्ही रूपे पडद्यावर सारखीच दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ती वेगळी असू शकतात. परिणामी शोध निष्फळ ठरतो किंवा एकाच व्यक्तीची नोंद दुबार होते.

=== पत्ते व क्रमांक ===

मराठी टपालपत्ता स्वल्पविरामांवाचून क्वचितच पूर्ण होतो. ‘मु. पो. करकंब, ता. पंढरपूर, जि. सोलापूर’ हा पत्ता सीएसव्हीमध्ये अवतरणचिन्हांत नसेल, तर त्याचे तीन रकाने होतात आणि त्या ओळीतील पुढील सर्व माहिती दोन घरे सरकते. मग ईमेलच्या जागी जिल्हा व दूरध्वनीच्या जागी ईमेल अशी गल्लत होते. स्प्रेडशीट ही अवतरणचिन्हे स्वतः घालते. साध्या मजकूर-संपादकात हाताने बनवलेल्या फाइलीत ती राहून जातात.

दूरध्वनी क्रमांक ही ‘संख्या’ मानली गेल्यास तिच्या आरंभीचे शून्य गळते. पंढरपूरचा एसटीडी संकेतांक ०२१८६ हा २१८६ होतो आणि पूर्ण क्रमांक दहा अंकी उरून वरकरणी मोबाइल क्रमांकासारखा दिसतो. भारतातील मोबाइल क्रमांक ६ ते ९ या अंकांनी सुरू होत असल्याने ही चूक ओळखता येते. अधिक घातक प्रकार ‘+९१’ जोडलेल्या क्रमांकांचा आहे. एक्सेल अधिकचिन्ह काढून टाकते आणि बारा अंकी संख्या घातांकाच्या संक्षिप्त रूपात दाखवते. सीएसव्ही जतन करताना दिसते तेच लिहिले जात असल्याने शेवटचे अंक कायमचे नष्ट होतात. रकान्याचे स्वरूप क्रमांक भरण्यापूर्वीच ‘टेक्स्ट’ करणे हा यावरील उपाय आहे. अंक गळून गेल्यावर स्वरूप बदलून काहीही परत येत नाही.

=== नावांचा क्रम ===

शाळा, पतसंस्था व सरकारी कार्यालयांच्या याद्यांत आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव असा क्रम रूढ आहे. पूर्ण नाव एकाच रकान्यात असल्यास ॲड्रेस बुक पहिला शब्द व्यक्तीचे नाव समजते. त्यामुळे यादीतील सर्व शिंदे ‘शिंदे’ याच पहिल्या नावाने नोंदले जातात आणि पत्राच्या मायन्यातही तेच उमटते. ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ या सोयीने नावाचे तीन रकाने करता येतात. ‘राव’, ‘ताई’ किंवा दुहेरी आडनावे असलेल्या ओळी मात्र हातानेच तपासाव्या लागतात.

== पडताळणी व दुरुस्ती ==

संपूर्ण यादीपूर्वी चार-पाच ओळींची चाचणी आयात करणे हितावह असते. गूगल कॉन्टॅक्ट्स आयात केलेल्या नोंदींना दिनांकाचे लेबल लावते. त्यामुळे बिघडलेला गठ्ठा एकदम निवडून काढून टाकता येतो. दुबार नोंदी एकत्र करण्याची सोय तेथे आहे, पण वर सांगितलेल्या ‘ऱ’च्या भेदामुळे मराठी नावांबाबत तीवर पूर्ण विसंबता येत नाही. मूळ स्प्रेडशीट न बदलता जपून ठेवणे हाच खात्रीचा आधार आहे.

== गोपनीयता ==

ॲड्रेस बुकमध्ये आणलेली यादी ऑनलाइन सेवेच्या सर्व्हरवर साठते व त्या खात्याशी जोडलेल्या फोनमध्येही उतरते. भारताच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला सूट आहे. संस्थेच्या सभासदयादीला ही सूट आपोआप लागू होत नाही. अशा यादीला पत्र पाठवताना सर्व पत्ते ‘बीसीसी’मध्ये ठेवल्यास सभासदांचे पत्ते एकमेकांना दिसत नाहीत.