सज्जा आणि पूल : व्हेरोनातली एक पायी फेरी

व्हेरोना म्हटलं की रोमिओ आणि ज्युलिएट. उत्तर इटलीतलं हे शहर प्रेमिकांचं शहर म्हणून जगभर ओळखलं जातं. पण आज आपण प्रेमाबद्दल नव्हे, खरेपणाबद्दल बोलणार आहोत. एखादी जुनी वास्तू ‘खरी’ आहे असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय म्हणत असतो? आम्ही गाईडबरोबर हे शहर पायी फिरलो, तेव्हा वाटेत हा प्रश्न दोनदा उभा राहिला. म्हणून त्याच वाटेने जाऊ या.

सुरुवात अरेनापासून. हे रोमन प्रेक्षागार इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं, रोमच्या कलोसियमपेक्षाही जुनं. १११७ च्या भूकंपात त्याची बाहेरची भिंत ढासळली. आज तिच्या फक्त चार कमानी उभ्या आहेत. आतल्या दगडी पायऱ्यांवर मात्र १९१३ पासून लोक ऑपेरा ऐकायला बसतात. तिथून पुढे पियाझा देल्ले एर्बे, म्हणजे भाजीबाजाराचा चौक. रोमन काळात शहराचा फोरम इथेच होता. चौकातल्या कारंज्यावर ‘मादोन्ना व्हेरोना’ नावाची मूर्ती आहे. ती मूळची रोमन. १३६८ साली कारंजं बांधलं तेव्हा तिथे बसवली. म्हणजे बघा, जुनं उचलायचं आणि नव्या कामाला लावायचं, ही या शहराची सवयच.

चौकापासून चार पावलांवर व्हिया काप्पेल्लो हा रस्ता लागतो. इथे ज्युलिएटचं घर. छोटं अंगण, वर दगडी सज्जा, खाली फोटोसाठी झुंबड. आता इतिहास काय सांगतो? घर मध्ययुगीन आहे, दाल काप्पेल्लो घराण्याचं. काप्पेल्लो म्हणजे टोपी. कमानीवर कोरलेली टोपी आजही दिसते. शेक्सपिअरच्या ‘कॅप्युलेट’शी हे नाव जुळलं, आणि लोकांनी नातं जोडून टाकलं. १८४४ साली चार्ल्स डिकन्स आला तेव्हा इथे एक कळकट खानावळ होती. पुढे नगरपालिकेने घर विकत घेतलं. मुसोलिनीच्या राजवटीत, १९३० चं दशक संपता संपता, अंतोनियो अवेना यांनी ते मध्ययुगीन दिसेल असं नटवलं. सज्जा तेव्हाचा. जुने कोरीव दगड वापरले, म्हणून तो जुना वाटतो, इतकंच. गंमत म्हणजे शेक्सपिअरच्या या नाटकात ‘बाल्कनी’ हा शब्दच नाही. ज्युलिएट खिडकीत येते. आणि कथा तरी मुळात व्हेरोनाची कुठे? १४७६ साली मासुच्चो या लेखकाने अशीच गोष्ट सिएना शहरात घडवली होती. १५३० च्या सुमारास लुइजी दा पोर्तोने ती व्हेरोनात आणली.

गाईडने हे सगळं सांगितल्यावर आमच्यातल्या एकाने विचारलं, “मग आपण इथे फसायला आलो का?” प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर पुढच्या मुक्कामावर मिळालं.

आदिजे नदीवरचा पोंते पिएत्रा, म्हणजे दगडी पूल. मूळ बांधणी रोमन, इसवी सनापूर्वीची. काही कमानी पांढऱ्या दगडाच्या, काही नंतरच्या विटांच्या. २५ एप्रिल १९४५ ला माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो सुरुंगाने उडवला. युद्धानंतर नदीच्या पात्रातून त्याचे दगड शोधून काढले आणि १९५७ ते १९५९ या काळात पूल पुन्हा उभा केला. काम पिएरो गाझोला यांच्या देखरेखीखाली झालं. जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वं सांगणारी १९६४ ची व्हेनिसची सनद तयार करणाऱ्यांत हेच गाझोला अग्रभागी होते.

आता विचार करा. सज्जा विसाव्या शतकातला, जुन्या दगडांचा. आज दिसणारा पूलही बराचसा विसाव्या शतकात बांधलेला, जुन्या दगडांचाच. मग एकाला नकली आणि दुसऱ्याला अस्सल का म्हणायचं? तत्त्वज्ञानाच्या वर्गात थिसियसच्या जहाजाचं कोडं शिकवतात : एकेक फळी बदलत गेली, तर जहाज तेच राहिलं का? पुलाचं कोडं उलटं आहे. दगड तेच, पण मधली बारा-चौदा वर्षं पूलच नव्हता.

आम्हाला असं वाटतं, की खरेपणा दगडाच्या वयात नसतो. ती वास्तू स्वतःबद्दल काय सांगते, त्यात असतो. पूल म्हणतो : मी इथे होतो, मला पाडलं, माणसांनी पुन्हा उभं केलं. सज्जा म्हणतो : ज्युलिएट इथे उभी होती. पहिलं विधान खरं, दुसरं खोटं. दगड दोन्हीकडे निर्दोष आहेत.

म्हणून सज्जा पाडायचा का? मुळीच नाही. ज्युलिएटच्या नावाने जगभरातून पत्रं येतात आणि व्हेरोनातले स्वयंसेवक हाताने उत्तरं लिहितात. त्या पत्रांतलं दुःख काही खोटं नसतं. दंतकथेने माणसाला धीर दिला तर बिघडलं कुठे? बिघडतं ते दंतकथेखाली खरी माणसं गाडली जातात तेव्हा. आपल्या नाशिकचीच लेणी घ्या. आपण त्यांना पांडवलेणी म्हणतो. ती बौद्ध भिक्खूंसाठी खोदलेली आहेत आणि दान कोणी दिलं, ते भिंतीवरच कोरलंय : गौतमी बलश्री, नहपानाचा जावई उषवदात, आणखी कितीतरी जण. पांडवांचं नाव घेऊन आपण डोंगर चढतो आणि ही नावं न वाचताच उतरतो.

तेव्हा व्हेरोनाला गेलात तर सज्जाखाली फोटो जरूर काढा. पण मग दहा-पंधरा मिनिटं चाला, पुलावर उभे राहा, आणि पांढरा दगड कुठे संपतो, वीट कुठे सुरू होते, ते शोधा. आपली पडझड न लपवणारी वास्तू वाचता येणं, हेच इतिहासाचं शिक्षण. इथे थांबू या.